आमच्या रस्त्याचं दुसरं टोक : औसा ते रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर

औशाहून लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कामाला जाताना मी रोज ज्या रस्त्यावर चढतो, त्याचा कागदोपत्री नंबर फार थोड्यांना ठाऊक असेल. आमच्याकडं सगळे त्याला रत्नागिरी-नागपूर हायवे म्हणतात. कुणाची जमीन गेली ती ‘रत्नागिरी-नागपूर’मध्ये, मावेजा मिळाला तोही ‘रत्नागिरी-नागपूर’चा. नागपूरला माझं दोनदा जाणं झालं होतं. रत्नागिरी मात्र नावापुरतीच राहिली होती.

रत्नागिरीला जायचं दुसरं कारण आईचं. आमच्या घरात आठवडी बाजारातली सुकट आणि सुके बोंबील हा मोठा आधार. पावसाळ्यात भाजी महागली की आई तव्यावर सुकट कोरडी भाजायची, लसूण आणि काळं तिखट घालून कुटायची, आणि ज्वारीच्या भाकरीवर आमचा आठवडा निघायचा. आई आता सत्तरीत आहे. कडधान्याची रास पाहून ती क्विंटलचा अंदाज सांगते, पण समुद्र तिनं पाहिला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात बोंबील निवडता निवडता म्हणाली, “ह्ये जिथनं येतंय ते गाव एकदा बघावं वाटायलंय.” मी मनाशी गाठ बांधून ठेवली.

यंदा सोयाबीन पावसात सापडलं, मोंढ्यात माल उशिरा आणि ओला यायला लागला. दिवाळीची सुट्टी तेवढी हातात होती. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी मेहुण्याची गाडी घेऊन आम्ही चौघं निघालो. आई, बायको, सहावीतली लेक आणि मी. आईनं एका डब्यात धपाटे, एकात शेंगाची चटणी आणि एका बरणीत काळं तिखट घेतलं होतं. “तिकडं आपल्या तोंडाची चव नसली तर?” असं तिचं म्हणणं.

पहिला दिवस : औसा ते कोल्हापूर

पहाटे पाचला निघालो. तुळजापुरात भवानीचं दर्शन झाल्याशिवाय गाडी पुढं जाणारच नव्हती. दिवाळीची गर्दी होती, दोन तास गेले. सोलापूर ओलांडलं आणि मंगळवेढ्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेनं दिंड्या दिसायला लागल्या. कार्तिकी आठवड्यावर आली होती. भगव्या पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, आणि दोन्ही बाजूंना मंगळवेढ्याची ती सपाट काळी रानं. ज्वारीची पेरणी काही ठिकाणी नुकतीच उरकली होती, काही रानांत अजून वाफसाच नव्हता. आई काचेतून रान वाचत होती : “हितं बी पाणी लई झालंय.” सांगोल्याच्या पुढं एका डाळिंबाच्या बागेपाशी सावलीत धपाटे खाल्ले. बागवाल्यानं पाण्याची कळशी आणून दिली आणि पैसे न घेता चार डाळिंबं लेकीच्या हातात ठेवली.

मिरजेला मी मुद्दाम गाडी स्टेशनाकडं वळवली. बायकोला कारण विचारावं लागलं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही लातूरला भाड्याच्या खोलीत राहत होतो. मांजरा धरण आटलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेनं आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी. त्या दिवशी मी स्टेशनाबाहेर गर्दीत उभा होतो. लेक तेव्हा कडेवर होती, तिला काही आठवत नाही. मिरजेच्या स्टेशनावर वेगळं असं पाहण्यासारखं काही नाही. गाड्या येतात, जातात. आईनं नळाचं एक ओंजळ पाणी प्यालं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “चला.” त्या पाच मिनिटांसाठी वाट वाकडी केल्याचं समाधान मला अजून आहे.

रात्र कोल्हापुरात काढली. इकडून जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. कोल्हापूरच्या पुढं कोकणात उतरणारी रेल्वे नाही, त्यामुळं एसटी किंवा स्वतःची गाडी हाच मार्ग. औसा ते रत्नागिरी अंतर ५०० किलोमीटरच्या आसपास आहे. एका दिवसात होतं, पण आंबा घाट अंधारात उतरू नका. कोल्हापूरला मुक्काम करून सकाळी निघालेलं बरं.

दुसरा दिवस : घाट, लाल माती आणि पहिला बांगडा

मलकापूर सोडलं आणि पावसाचा शिडकावा सुरू झाला. ऑक्टोबर संपत आलेला, तरी आंबा गावाच्या पुढं घाटात इतकं धुकं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. रस्त्याचं काम चालू असल्यानं जागोजाग चिखल. मी दुसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागं तिघीही गप्प. मध्येच धुकं फाटलं आणि डावीकडं खोल दरीतलं हिरवं रान दिसलं. लेक ओरडली, “पप्पा, माती बघा!” कापलेल्या दरडीची माती कुंकवासारखी लाल होती. काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला ती माती ओली जखम असावी तशी वाटते. साखरप्यापर्यंत उतरलो तसं सगळंच बदललं. जांभ्या दगडाची घरं, उतरती कौलं, अंगणात पोफळी. पाली, मग हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडला आणि दुपारी दोनला रत्नागिरीत पोचलो.

फोनवरून ठरवलेल्या लॉजवर आमची खोली दुसऱ्यालाच देऊन टाकलेली होती. पैसे परत मिळाले, पण पावसात आईला घेऊन कुठं फिरणार? एका रिक्षावाल्यानं मांडवीच्या मागच्या गल्लीतलं एक घर दाखवलं. खाली मालकीणबाई राहतात, वर दोन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांना सगळी गल्ली काकी म्हणते, आम्हीही काकीच म्हणायला लागलो. त्यांनी आधी आईला कोरडा टॉवेल दिला, मग भाडं सांगितलं. आता वाटतं, लॉजची खोली गेली तेच बरं झालं.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. तिथली वाळू काळसर आहे. आईनं चपला हातात घेतल्या, लुगडं घोट्यापर्यंत उचललं आणि पाण्यापासून चार हात अलीकडं उभी राहिली. समुद्र खवळलेला होता, लाटा मातकट. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मांजरा धरण भरल्यावर असंच दिसतंय. पण ह्याला भिंत न्हाई.” एक लाट तिच्या पायावरून गेली तेव्हा तिनं माझा दंड घट्ट धरला. पायाखालची वाळू सरकल्याचं तिला कळलं होतं.

रात्री काकींनी बांगड्याचं सार केलं होतं. ओलं खोबरं, लाल मिरची, आमसूल आणि वरून तिरफळ. सोबत उकड्या तांदळाचा जाडसर भात आणि सोलकढी. काकी म्हणाल्या, “दर्यात वारं हाय. दोन दिवस होड्या बाहेर नाय. हे बांगडे परवाचे, बर्फातले. आज गोड मानून घ्या.” आम्हाला ते शिळे आहेत असं कुठल्या अंगानं कळणार? धरणातला रोहू-कटला खाणारी माणसं आम्ही. बांगड्याला मधला काटा सोडला तर फार कटकट नाही, आणि चरबीची एक चव आहे जी गोड्या पाण्यातल्या माशाला नसते. लेकीनं तिरफळ चावलं आणि जीभ बधिर झाली म्हणून घाबरली. काकींनी हसून सांगितलं, ते चावायचं नसतं, वासापुरतं घालायचं आणि ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. आईनं तिरफळाचा दाणा बोटांत चुरडून हुंगला आणि पदराच्या टोकाला बांधून घेतला.

तिसरा दिवस : बावटा

मिरकरवाडा बंदर रत्नदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. सकाळी सातला गेलो तेव्हा मी मनात आणलेलं बंदर तिथं नव्हतं. लिलावाचा ओटा ओला आणि रिकामा. पण पाण्यात मात्र एवढ्या नौका की एकीवरून दुसरीवर पाय टाकत पलीकडं जावं. हिरव्या, निळ्या, भगव्या. प्रत्येकीवर झेंडे, कुठं देवाचं नाव, कुठं दर्ग्याचं. वाऱ्यानं त्या एकमेकींना घासत होत्या आणि त्यांच्या मध्ये टांगलेले जुने टायर कुरकुरत होते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला होता. वादळी वाऱ्याचा तो इशारा. तो लागला की बंदरातली नौका बाहेर जात नाही आणि बाहेरची जवळ मिळेल त्या बंदरात शिरते. अशा दिवशी मासळी मिळत नाही, पण माणसं मोकळी असतात. आम्हाला तेच लाभलं.

धक्क्यावर एक वयस्कर तांडेल, म्हणजे नौकेचे म्होरके, जाळं दुरुस्त करत बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा पीळ अडकवलेला, हातात सुई. औशात आमच्या शेजारी जसे चाचा आहेत तशीच दाढी, तशीच विणलेली टोपी. माझ्या तोंडून आपसूकच “चाचा” निघालं. कुठून आलात म्हणून विचारलं. लातूरकडून म्हटल्यावर म्हणाले, “म्हणजे भूकंपवाले.” १९९३ चा किल्लारीचा भूकंप त्यांना आठवत होता. आई लगेच खाली बसली. किल्लारी औसा तालुक्यातच. तिच्या मावशीचं घर तिथं गेलं. त्या दोघांचं बोलणं मग अर्धा तास चाललं. मी नुसता ऐकत होतो. एक पाण्याच्या भीतीबद्दल सांगत होता, एक जमिनीच्या.

समोरच्या मोठ्या नौकांवर काळ्या जाळ्यांचे ढीग होते, माणसाच्या उंचीचे. ती पर्ससीन. लेकीला चाचांनी समजावलं ते मलाही तेव्हाच समजलं. माशांचा थवा दिसला की त्याच्याभोवती जाळ्याचं कडं टाकायचं. वरच्या काठाला तरंगणारे बोये, खालच्या काठाला कड्या, कड्यांतून ओवलेला दोर. तो दोर ओढला की जाळ्याचं तोंड खालून बंद. “आजीच्या बटव्याची दोरी ओढतेस ना, तसं.” बटव्यात बांगडा सापडला तर बांगडा, तार्ली सापडली तर तार्ली, अख्खा थवा. अशा एका नौकेवर पंचवीस-तीस खलाशी लागतात. राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे. चाचा स्वतः लहान जाळ्यांवर वाढलेले. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं : एका रात्रीत एवढं उचललं तर मागून येणाऱ्या होडीला काय? आणि रात्री पाण्यावर झगझगीत एलईडी सोडून मासे गोळा करणं तर बंदीच असलेलं काम, तरी ते चालतं म्हणून पारंपरिक मच्छीमार सतत तक्रार करत असतात. पर्ससीनवाल्याची बाजूही त्यांनी लपवली नाही. डिझेल, बर्फ, तीस माणसांचं जेवण आणि पगार डोक्यावर घेऊन तो चार महिन्यांत वर्ष काढायला बघतो.

खलाशांबद्दल विचारलं आणि मी चमकलो. पुष्कळ खलाशी नेपाळी. एका नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, चार पोरं पत्ते खेळत होती, मोबाइलवर त्यांच्या भाषेतलं गाणं. हंगामाच्या आधी मालक त्यांना आगाऊ पैसे देतो आणि मग ते डोंगर उतरून समुद्रावर येतात. कधी पैसे घेतलेला माणूस येतच नाही, कधी आलेला अर्ध्यातून निघून जातो. मी चाचांना म्हणालो, आमच्याकडं ह्याला उचल म्हणतात. ऊसतोडीची टोळी अशीच उचल घेऊन कोयत्यासह कारखान्यावर जाते. चाचांनी सुई थांबवली. “आणि मुकादम?” म्हणाले. “हाय की,” आई म्हणाली, “तुमच्यात न्हाई व्हय?” त्यांच्यातही माणसं आणून देणारा असतोच.

दुपारी पाऊस होता म्हणून शहरात फिरलो. झाडगावला कृषी विद्यापीठाच्या केंद्राचं मत्स्यालय आहे. तिथला देवमाशाचा सांगाडा लेकीनं टोकापासून टोकापर्यंत पावलांनी मोजला. टिळकांचं जन्मस्थान पाहिलं. थिबा राजवाड्यात मात्र मी रेंगाळलो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं, त्याला इथं आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. वरच्या मजल्यावरच्या लाकडी कमानींच्या खिडक्यांतून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. त्याचा देशही समुद्रापलीकडंच होता. खिडकीतून रोज तेच पाणी बघायचं, म्हणजे काय झालं असेल त्याचं.

संध्याकाळी सुक्या मासळीचं दुकान, म्हणजे आईच्या प्रवासाचं मूळ कारण. तिनं बोंबलाची जुडी उचलली आणि दुकानदारीण बाईंना विचारलं, हे इथलेच ना? बाई खरं बोलल्या. “नाय ओ मावशी. बोंबील वरच्या अंगाचा. वसई, अर्नाळा, उरण, तिकडनं येतो. आमच्याकडं बोंबील म्हणावा तसा लागतच नाय.” आई क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. एवढा रस्ता आलो आणि बोंबलाचं गाव वेगळंच! मग बाईंनीच सुक्या जवळ्याचं पोतं उघडलं. आमची सुकट ती हीच. जवळा म्हणजे केसाएवढ्या मिशांची बारीक कोळंबी, वाळली की सुकट. सोडे म्हणजे सोललेल्या कोळंबीचे वाळवलेले तुकडे, ते भावानं फारच वर. सुका बांगडा, सुकी मांदेली, मोरीचे खारे तुकडे. सुकट कशी घ्यायची तेही बाईंनी दाखवलं. मूठभर घेऊन कागदावर आपटायची. खाली वाळू पडली तर ती रेतीवर वाळवलेली, दाताखाली कचकचणार. ओट्यावर किंवा जाळीवर वाळवलेली निवळ असते. रंग गुलाबीसर हवा, पिवळा पडलेला जुना. वासात अमोनियासारखा झणका आला तर घेऊच नका. आईनं तीन पोत्यांतली आपटून पाहिली आणि चौथ्यातली तीन किलो घेतली. गाडीतून न्यायची असेल तर दोन प्लास्टिक पिशव्या आणि वरून पत्र्याचा डबा, हा सल्ला आम्ही हसण्यावारी नेला. तुम्ही नेऊ नका.

चौथा दिवस : सौदा

रविवारी रात्री वारा पडला, बावटा उतरला. काकींनी पहाटे पाचला दार वाजवलं : “होड्या आल्या असतील, जावा.” सोमवार होता. आईचा उपवास. “नुसतं बघायला काय हरकत हाय?” म्हणत ती सगळ्यांच्या आधी गाडीत बसली.

आदल्या दिवशीचा मुका धक्का ओळखू येईना. दिव्यांच्या उजेडात बर्फ फोडण्याचा आवाज, छोटा हत्ती आणि पिकअपच्या रांगा, डोक्यावर टप घेऊन धावणारी माणसं, त्यांच्या पायांत मांजरं, वर घारी. रात्री गेलेल्या लहान होड्या परतल्या होत्या आणि त्यांच्या शेजारून मोठ्या पर्ससीन नौका बाहेर पडत होत्या, इंजिनाचा धूर सोडत, एकामागून एक. कालचे पत्ते खेळणारे चौघे आता केशरी जॅकेटांत नाळेवर उभे होते. लेकीनं हात हलवला, एकानं हात वर केला.

मासळी होडीतून वर येते ती हातोहात. खालच्यानं क्रेट उचलायचा, मधल्यानं झेलायचा, वरच्यानं ओट्यावर ओतायचा. बांगड्याचा ढीग पडला की पाठीवरची हिरवी-निळी नक्षी ओली चमकते, आणि सूर्य वर येईपर्यंतच ती चमक टिकते. तार्ली, सौंदाळे, ढोमा, म्हाकूळ, थोडी कोळंबी, चार-पाच सुरमया वेगळ्या ओळीत. एका टोपलीत सात-आठ पापलेट होते, चांदीच्या ताटल्यांसारखे. २०२३ मध्ये सरकारनं ह्याला राज्यमासा ठरवलं. ती टोपली सगळ्यात आधी गेली.

आता मी ज्यासाठी टक लावून उभा होतो ते. सौदा. बावीस वर्षं मी अडत दुकानात मुनिमी करतो आहे. तुरीच्या, सोयाबीनच्या राशीभोवती जमलेले खरेदीदार, बोली, डोळ्यांचे इशारे हे माझं रोजचं. इथंही माणसांचं कडं तसंच जमतं. लिलाव पुकारणारा ढिगाशेजारी उभा राहतो आणि आकडा म्हणतो, पुढचा आकडा कुणाच्या तरी मानेच्या हलण्यातून येतो. भाव किलोचा नव्हे, डोळ्यांनी मापलेल्या ढिगाचा किंवा टपाचा. बोली लावणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाया. आमच्या मोंढ्यात बाई झाडलोटीला आणि चाळण्यांवर दिसते, बोलीत दिसत नाही. इथं एक बाई, डोक्यावर चुंबळ, कमरेला पैशांची पिशवी, दोन धष्टपुष्ट व्यापाऱ्यांच्या मधे उभी राहून बोली चढवत गेली आणि बांगड्याचा ढीग घेऊन मोकळी झाली. बायको माझ्या कानात म्हणाली, “बघितलंत?” बघितलं, आणि मोंढ्यात परत गेल्यावर ते सांगितलंही.

ओट्याच्या कडेला माझ्याच जातकुळीचा माणूस सापडला. लांब वही, कानावर पेन्सिल. मुनीम. मी माझी ओळख सांगितल्यावर त्यानं वही माझ्याकडं वळवली. नौकेचं नाव, माल, बोली, घेणारा, उधार. नौकेच्या मालकाला हंगामाच्या सुरुवातीला डिझेल-बर्फासाठी पैसे देणारा व्यापारी असतो, आणि मग माल त्याच्यामार्फतच विकायचा. आमच्याकडं आडत्या बी-खताला पैसे देतो आणि सुगीत पोती त्याच्याच दुकानात येतात. फरक एकच, पण तो फार मोठा. सोयाबीनचा भाव पडला तर शेतकरी निदान म्हणू शकतो की चार महिने ठेवतो. आमच्याकडं मॉइश्चर मशीनवर टक्का जास्त निघाला तर भाव कापतात, म्हणून लोक माल वाळवून आणतात. इथं वाळवायला, थांबायला वेळच नाही. दुपारपर्यंत बर्फ वितळतो आणि बर्फाबरोबर भाव. जो ढीग कुणी घेत नाही तो कुटीला जातो, म्हणजे मासळी दळून खत नाहीतर कोंबड्यांचं खाद्य. त्या मुनिमानं मला चहा पाजला आणि विचारलं, “तुमच्याकडं पाऊस नाय पडला तर काय लिहिता वहीत?” मी म्हटलं, “काहीच नाही. पान कोरं राहतं.” तो म्हणाला, “जून-जुलै आमचंही कोरं.” १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ.

मघाच्या बोलीवाल्या बाईनं लेकीला मासा पारखायला शिकवलं. कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक हवा. डोळा फुगीर आणि काळा, खोल गेलेला नको. पोटावर बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये. आम्ही तिच्याकडूनच बांगडे आणि दोन म्हाकूळ घेतली. घरगुती खरेदी असेल तर लिलावात घुसू नका. ओट्याच्या बाहेर ह्या बायांकडून घ्या, त्या साफही करून देतात. सहाच्या आत पोचा, पायांत रबरी चप्पल घाला, जाळ्यांवर पाय देऊ नका आणि फोटो काढण्याआधी विचारा. सोमवार, गुरुवार, संकष्टीला गिऱ्हाईक कमी असल्यानं भाव जरा नरम असतो, हे काकींचं ज्ञान.

दुपारी काकींनी म्हाकळाचं सुकं केलं. आम्ही तिघांनी जेवताना आई शेजारी बसून साबुदाणा खात होती आणि वाटणात काय काय पडलं ते विचारत होती. संध्याकाळी रत्नदुर्गावर गेलो. भगवतीचं दर्शन घेऊन तटावर आलो तेव्हा खाली अख्खं मिरकरवाडा बंदर दिसत होतं, जवळजवळ रिकामं. सगळ्या नौका बाहेर. सूर्य बुडाल्यावर क्षितिजावर एकेक दिवा लागत गेला. लेक मोजत होती, एकेचाळीसपर्यंत मोजून सोडून दिलं.

पाचवा दिवस : काळं तिखट

निघायचं होतं सातला, निघालो दहाला. उपवास सुटल्यावर आईनं काकींच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बर्फात ठेवलेल्या बांगड्यांना मीठ-आमसूल काकींनी लावलं, त्यावर आईनं बरणीतलं काळं तिखट आणि ठेचलेला लसूण चोळला. खोबरं नाही, वाटण नाही. तव्यावर भाजले. काकींनी तांदळाच्या भाकरी थापल्या. पहिला घास घेऊन काकी थांबल्या आणि आईला म्हणाल्या, “ह्यात काय काय हाय ते लिहून द्या.” आईला लिहिता येत नाही. तिनं सांगितलं, बायकोनं लिहिलं. दगडफूल, धने, खोबरं, तीळ, मिरची, कांदा कसा काळा होईस्तोवर भाजायचा. बरणी तिथंच ठेवली. काकींनी बदल्यात आमसुलं आणि मूठभर तिरफळं दिली.

परतीचा रस्ता सरळ एका दमात केला. घाटात लख्ख ऊन होतं. कोल्हापूरच्या अलीकडंच पिशव्यांतून सुकटीचा वास गाडीत भरला आणि पत्र्याच्या डब्याचा सल्ला आठवला. मिरजेला डबा विकत घेतला तोवर उशीर झाला होता. मेहुण्याची गाडी आठवडाभर दारं उघडी टाकून उन्हात ठेवावी लागली.

पुढच्या बाजारच्या दिवशी आई पदराच्या गाठीत मूठभर सुकट घेऊन नेहमीच्या सुकटवाल्या बाईकडं गेली. मी पिशवी धरून मागं उभा. आईनं वर्तमानपत्राचा कागद मागितला, सुकट त्यावर आपटली. कागदावर काही पडलं नाही. मग तिच्या पोत्यातली मूठ घेऊन आपटली. बारीक रेती पडली. बाईनं ती बोटानं चाचपली. “मला सोलापूरचा घाऊकवाला देतो तेच मी इकते, मावशी,” ती म्हणाली, “ही तुमची कुठली?” आई पोत्याशेजारी बसली आणि तिला मिरकरवाड्याचं सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.